पावणेदोन मैलांचं पाणी

टोमिनाने शेवटची मेंढी धावपट्टीच्या कुंपणाबाहेर हाकलली, फाटकाला दोरी बांधली आणि तेवढ्यात विमानतळाच्या खोलीतला फोन वाजला. एकदा वाजला, दुसऱ्यांदा वाजला आणि गप्प झाला.

"निघालं गं!" आगीच्या बंबाच्या खिडकीतून मॅन्सी ओरडला. "तुझी लेक हवेत आहे आता."

तिने ओले हात पिवळ्या डगल्याला पुसले आणि घड्याळात पाहिलं. अकरा वाजून बारा मिनिटं. म्हणजे चौदाला विमान गवतावर टेकायला हवं.

वेस्ट्रे बेटाच्या धावपट्टीपासून इथल्या, पापे बेटाच्या धावपट्टीपर्यंत पावणेदोन मैल. वेळापत्रकात दोन मिनिटं लिहिलेली आहेत आणि वारा पाठीशी असला तर एकसुद्धा पुरतं. बाहेरचे लोक जगातलं सगळ्यात छोटं उड्डाण म्हणून या विमानात बसायला मुद्दाम लांबून येतात, बसल्याचं प्रमाणपत्र मागून घेतात. बेटावरच्या माणसाला त्याचं काय कौतुक? त्याला दाढ काढायला जायचं असतं, नाहीतर कोणाच्या मयताला. आठ सीटांचं ते विमान, त्यात टपालाची थैली, डॉक्टरची पेटी, कधी पिंजऱ्यातला कोंबडा.

त्या दोन मिनिटांमुळेच फोनची ती रीत पडली. विमान उडालं की वेस्ट्रेच्या खोलीतून एडविन रेंडल फोन लावायचा आणि दोन रिंगा झाल्या की ठेवून द्यायचा. फोन उचलून "हॅलो, कसं काय" म्हणेपर्यंत विमान डोक्यावर यायचं. मेंढ्या हाकलायच्या राहून जायच्या. म्हणून इकडे फोन उचलायचाच नाही, असं ठरलं. पुढे ही रीत विमानतळापुरती राहिली नाही. वादळात कोणी शेजारून घरी गेलं की दोन रिंगा, म्हणजे पोचलो. होडी निघाली की दोन रिंगा. पापेवर तिसरी रिंग वाजल्याशिवाय कोणी फोनला हात लावत नाही. लहान पोरांनासुद्धा हे शिकवावं लागत नाही. टोमिनाच्या घरी रविवारी संध्याकाळी दोन रिंगा वाजायच्या. चर्चनंतर मॅन्सीची बायको रुबी घरी पोचल्याचं कळवते, असं धरून टोमिना विणकाम चालू ठेवायची.

आज मंगळवार होता. आज विमानात इंगा होती, नऊ वर्षांनी.

"केस तरी नीट करायचेस," मॅन्सी म्हणाला. "पोरगी तुला ओळखेल का? नुसती मेंढ्यांची म्हातारी दिसते आहेस."

"तू आरशात बघ आधी."

"मी कशाला बघू? माझी कोणी लेक येत नाहीये."

मॅन्सी ग्रोट सत्तरीचा. बंब चालवायचं काम त्याच्याकडे होतं, फवारा धरायचं टोमिनाकडे. विमान उतरताना आणि उडताना दोघांनी हजर राहायचं आणि पंखे थांबेपर्यंत जागेवरून हलायचं नाही, एवढीच नोकरी. एकोणीस वर्षांत एकदाही फवारा सोडायची वेळ आली नव्हती.

तिने पुन्हा घड्याळ पाहिलं. चौदा झाली होती.

आकाशात काही नव्हतं. मैदान लख्ख होतं, वाऱ्याची नारिंगी पिशवी काठीवर मलूल लोंबत होती. पण कुंपणापलीकडे, जिथे सामुद्रधुनी सुरू होते, तिथे पांढऱ्या धुक्याची भिंत उभी होती. मे महिन्यात असं धुकं येतं, न सांगता, आणि न सांगता जातं. सकाळी ती गाईंचं दूध काढत होती तेव्हा समोरचं वेस्ट्रे दिसत होतं, घरांची धुराडी मोजता येत होती. आता वेस्ट्रे नव्हतंच.

पंधरा. सोळा.

"वळसा घालून येत असेल," मॅन्सी म्हणाला. "धुकं आहे ना."

"वळसा किती मोठा घालेल? मैलभराचं तर काम आहे."

 मॅन्सीने काच पूर्ण खाली केली आणि कान बाहेर काढला. टोमिनाही ऐकू लागली. समुद्रपक्ष्यांचा कलकलाट होता, दूर कोणाचातरी कुत्रा होता. विमानाचा आवाज नव्हता. हा आवाज बेटावरचं माणूस झोपेतही ओळखतं.

सतरा.

 टोमिना खोलीकडे गेली, धावायचं नाही असं स्वतःला बजावत गेली. भिंतीवर वेळापत्रक, खाली माणसं तोलायचा काटा, कोपऱ्यात फोन. तिने वेस्ट्रेचा नंबर फिरवला. एन्गेज.

तिने परत फिरवला. पुन्हा एन्गेज.

विमान हवेत गेलं आहे आणि उतरलेलं नाही. अशा वेळी एडविन सगळ्यात आधी कोणाला फोन करेल? हा प्रश्न तिच्या मनात आला आणि उत्तरही लगेच आलं. लाइफबोटीला. तिने रिसीव्हर ठेवला, खाचेत बसला नाही म्हणून पुन्हा ठेवला.

नऊ वर्षांपूर्वीही हीच सामुद्रधुनी होती. तेव्हा प्रश्न विमानाचा नव्हता, होडीचा होता, आणि होडीत तिचा मुलगा एरलंड होता. इंगापेक्षा चार वर्षांनी मोठा, बावीसचा. इंगा वेस्ट्रेला नाचाला गेली होती आणि शेवटचं विमान चुकून तिकडेच राहिली होती. त्या संध्याकाळी एरलंड होडी घेऊन निघाला. होडी दुसऱ्या दिवशी उताणी सापडली आणि एरलंड सहाव्या दिवशी. धक्क्यावर सगळं गाव जमलं होतं आणि सगळ्या गावासमोर टोमिना आपल्या लेकीला म्हणाली होती, "तुला आणायला गेला होता तो." एवढं एकच वाक्य. इंगाने उलट काही विचारलं नाही. दफन झाल्यावर ती बोटीने अ‍ॅबर्डीनला गेली, तिथे इस्पितळात नर्स झाली, नाताळला कार्ड पाठवत राहिली. पापेवर तिने परत पाऊल ठेवलं नाही.

गेल्या नाताळला टोमिनाने पत्र लिहिलं. "ये. एक गोष्ट सांगायची आहे, ती कागदावर लिहिता येत नाही." उत्तर यायला एप्रिल उजाडला. मंगळवारच्या विमानाने येते, दोन दिवस राहीन. त्या दिवसापासून टोमिना ती गोष्ट गोठ्यात गाईंना सांगून बघत होती, शब्द बदलून बदलून. गाईंसमोरही ती कधी शेवटपर्यंत सांगून झाली नाही.

आणि आता ती सांगायचीच राहणार होती. तेच पाणी दुसरं पोर घेणार होतं आणि पोरीला कधी कळणारही नव्हतं.

"मॅन्सी!" ती दारातून ओरडली. "बंब चालू कर."

"कुठे नेऊ बंब? समुद्रात?"

त्याला तसं म्हणायचं नव्हतं. म्हणून झाल्यावर त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बंब चालू केला. उगाचच. त्या घरघरीत काही ऐकू येईना म्हणून मग बंदही केला.

ती कुंपणापर्यंत गेली. तारेला धरून उभी राहिली. खाली खडकांवर पाणी चुळकचुळक वाजत होतं, अगदी निवांत. ती संध्याकाळही अशीच निवांत होती. एवढंसं पाणी, कोणाला बुडवेल असं वाटतसुद्धा नाही.

धुक्यातून घरघर आली. तिने श्वास रोखला. आवाज वाढला, खाली खाली राहिला, आणि मग तिला कळलं की ती शेवंड पकडायच्या पिंजऱ्यांची होडी आहे, रोजची. ती ओरडली, "अरे, विमान दिसलं का? पाण्यात काही दिसलं का?" होडीवाल्याला ऐकू गेलं नाही. घरघर उत्तरेकडे निघून गेली.

"टोमिना, इकडे ये," मॅन्सी बंबातून उतरून आला होता. गुडघ्यामुळे त्याला उतरायला वेळ लागायचा. "तारेवर अशी पडू नकोस. हात कापशील."

"किती वाजले?"

"तुझ्या हातात घड्याळ आहे."

"मला नाही बघायचं. तू सांग."

"पंचवीस."

तेरा मिनिटं. तेरा मिनिटांत हे विमान सहा वेळा पाणी ओलांडेल.

"इंधन असेल त्यात," मॅन्सी म्हणाला. "सरळ कर्कवॉलच्या मोठ्या विमानतळावर नेलं असेल त्याने. शहाणा पायलट असं धुकं बघून सरळ कर्कवॉललाच नेईल. आत्ता ती तिथे चहा पीत असेल बघ, आणि तू इथे..."

 तो तिला धीर द्यायला बोलत होता आणि त्याचं त्यालाच पटत नव्हतं. त्याचा एक हात तिच्या खांद्यावर होता. एकोणीस वर्षांत त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला नव्हता, एरलंडच्या दिवशीसुद्धा नाही.

खोलीतला फोन वाजला.

ती धावली. आता स्वतःला काही बजावायचं राहिलं नव्हतं. खोलीत पोचली, फोनवर हात ठेवला, आणि हात तिथेच थांबला. पहिली रिंग होऊन गेली होती. दुसरी वाजत होती. तिचा हात सवयीने तिसरीची वाट बघत होता.

तिसरी वाजली. तिने उचलला.

"टोमिना, एडविन बोलतोय. मघापासून कर्कवॉलशी बोलतोय मी, धुक्याचं विचारत होतो. तुला कळवायचं राहिलं. अजून अर्धा तास तरी..."

"विमान कुठे आहे?"

"कुठे म्हणजे? इथे आहे. माझ्या डोळ्यांसमोर. पायलट पंखाखाली बसून सँडविच खातोय."

टोमिना काट्यावर बसली. माणसं तोलायच्या काट्यावर. सुई हलली आणि स्थिर झाली.

"ऐकू येतंय का तुला?"

"तू रिंगा दिल्यास," ती म्हणाली. "अकरा वाजून बारा मिनिटांनी. दोन."

"मी? छे! उडाल्याशिवाय मी कशाला देऊ? इतकी वर्षं झाली, कधी दिल्या आहेत का?"

"वाजल्या, एडविन. मॅन्सीनेही ऐकल्या."

 एडविनचा आवाज खाली आला.

"तुझ्या लेकीने फोन मागितला होता. आईला एक फोन करू का म्हणाली. मी म्हटलं कर की, आणि पायलटला चहा द्यायला बाहेर गेलो. परत आलो तर ती इथे नव्हती. बाहेर आपल्या पेटीवर जाऊन बसली आहे, पाण्याकडे तोंड करून."

टोमिना काट्यावरून उठली.

"मला वाटलं तुमचं बोलणं झालं. टोमिना, खरं सांगू? तिचा चेहरा काही मला ठीक दिसत नाही. आता विचारतेय, कर्कवॉलला परत जाणारं विमान किती वाजता आहे."

दारात मॅन्सी येऊन उभा होता, टोपी हातात धरून. टोमिनाने रिसीव्हरवर हात ठेवला.

"आहे. तिकडेच आहे. उडालंच नाही."

"देवा रे," मॅन्सी म्हणाला आणि चौकटीला टेकला. "मारलं होतंस मला."

"मॅन्सी, रुबी रविवारी मला रिंगा देते ना? संध्याकाळी, चर्चहून आली की?"

"रुबी?" त्याने टोपी डोक्यावर घातली. "तुझ्या खिडकीतून आमचं दार दिसतं. ती आत शिरलेली तुला दिसते. ती कशाला फोन करत बसेल? काय झालं तुला?"

टोमिनाने भिंतीकडे पाहिलं. नऊ वर्षांतले सगळेच रविवार नाहीत, पण कितीतरी. सहाच्या सुमाराला दोन रिंगा. हातातलं विणकाम खाली न ठेवता ती मनात म्हणायची, पोचली बाई रुबी. इंगा पापेचीच पोर होती. तिसऱ्या रिंगेआधी आई उचलणार नाही हे तिला माहीत होतं. तिसऱ्या रिंगेपर्यंत तिचा धीर पुरत नव्हता. आणि टोमिनाने एकदाही, चुकूनसुद्धा, लवकर उचलला नव्हता.

तिने रिसीव्हर पुन्हा कानाला लावला.

"एडविन, तिला जाऊन सांग, आई फोनवर आहे म्हणावं. नको, थांब. तसं नको. नुसतं सांग की फोन मोकळा आहे, करायचा असेल तर कर. आणि तू बाहेर जा. जबरदस्ती करू नकोस."

"आणि नाही केला तर?"

"तर कर्कवॉलच्या विमानाची वेळ सांग तिला."

तिने फोन ठेवला. मॅन्सी न सांगता बाहेर गेला आणि दार ओढून घेतलं. खोलीत फवाऱ्याच्या रबराचा वास होता. टोमिना फोनसमोर उभी राहिली. मघाशी विमान पाण्यात पडलं असं वाटलं तेव्हा जेवढी भीती वाटली होती, तेवढीच आत्ताही वाटत होती. वेगळी वाटत नव्हती. पोरगी तिथेच होती, पावणेदोन मैलांवर, आणि तरी हातून जातच होती.

मिनिट गेलं. दुसरं गेलं. एवढ्या वेळात येता आलं असतं तिला.

फोन वाजला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत टोमिनाने तो ओढून घेतला, इतका जोरात की फोनचा डबा खाली पडला.

"मी आहे," ती म्हणाली. "उचललाय बघ."

पलीकडे श्वास होता. नुसता श्वास.

"रविवारचे फोन तुझे होते. मला कळलं नाही गं. मला आत्ता कळलं."

श्वास तसाच. मग फार बारीक आवाज आला. "आई, मी नाही येऊ शकत. ते पाणी दिसतं मला. मी पेटी उचलते आणि पाय पुढे जात नाहीत."

"नको येऊस. पण ठेवू नकोस. एवढं ऐक आणि मग ठेव." टोमिनाने डोळे मिटले. गाईंसमोर बसवलेलं सगळं पार उडून गेलं होतं. "त्या संध्याकाळी तू फोन केला होतास. म्हणाली होतीस, मी मावशीकडे राहते, सकाळी येते. आठवतं?"

"हो."

"तू त्याला बोलावलं नव्हतंस. तोही निघाला नव्हता. तो जेवत होता. म्हणाला, आई, सकाळी आणतो तिला, धुकं उतरतंय. मी म्हटलं, आत्ता जा. रात्रभर पोरगी तिकडे नाचाला राहिली तर लोक काय म्हणतील? ताट अर्धं टाकून उठवलं मी त्याला. मी पाठवलं त्याला, इंगा. तू नाही. धक्क्यावर लोक माझ्याकडे बघत होते आणि मी तुझं नाव घेतलं."

तिला वाटलं पलीकडून रडणं येईल, नाहीतर शिवी येईल. दोन्हीची तिची तयारी होती.  आला तो फक्त फोन ठेवल्याचा खट्ट आवाज.

टोमिनाने फोनचा डबा उचलून जागेवर ठेवला. रिसीव्हर नीट बसला आहे ना, ते दोनदा पाहिलं. मग बाहेर येऊन बंबाशेजारी उभी राहिली. मॅन्सीने तिच्याकडे पाहिलं आणि खिशातून कागदात गुंडाळलेली जवाची भाकरी काढून अर्धी पुढे केली. तिने घेतली, पण हातातच धरून ठेवली.

"येतेय का?" त्याने विचारलं.

"माहीत नाही."

धुक्याची भिंत वरून झिजत होती. आधी वेस्ट्रेच्या टेकडीचा माथा दिसला, मग चर्चचं छप्पर. मेंढ्या फाटकापाशी येऊन पुन्हा आत यायची वाट बघत होत्या. साडेअकरा झाले, पावणेबारा झाले.

फोन वाजला. एकदा, दोनदा. थांबला.

मॅन्सीने बंब चालू केला. "हे एडविनचं आहे की..." 

टोमिनाने घड्याळ पाहिलं नाही. ती मनात मोजू लागली. वीसपर्यंत मोजलं, चाळीसपर्यंत मोजलं. साठ झाले. सत्तरीच्या पुढे कुठेतरी तिला तो आवाज आला, आणि या वेळी तो होडीचा नव्हता. विमान पाण्यावरून खालून खालून आलं, कुंपणावरून सरकलं, गवतावर दोनदा आपटलं आणि हेलकावे खात त्यांच्या दिशेने वळलं.

टपालाच्या थैलीमुळे मागच्या काचांतून काही दिसत नव्हतं. पुढे पायलट होता. पायलटच्या शेजारच्या सीटवर, जिथे लहानपणी बसायला मिळावं म्हणून इंगा भांडायची, कोणीतरी बसलं होतं. दोन्ही तळव्यांनी चेहरा झाकून, खांदे आवळून.

पंखे अजून फिरत होते. टोमिना जागेवरून हलली नाही. भाकरीचा तुकडा तिच्या मुठीत कधीच चुरगळून गेला होता.

पायलटने विमान थांबवलं, शेजारी पाहिलं आणि काही न बोलता आपला पट्टा सोडला. पंखे मंद झाले. ते हात अजून डोळ्यांवरच होते. दोन मिनिटं कधीच होऊन गेली होती, पाणी मागे पडलं होतं, आणि ते इंगाला कोणी सांगितलं नव्हतं.